लेकरू घरी येईस्तोवर

डोळ्याचे डॉक्टर पोरगेलेसे आहेत. माझ्या नातवाच्या वयाचे, नातू असता तर. परवा त्यांनी माझ्या डोळ्यात थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, दिवा मारून मारून आतला पडदा तपासला आणि म्हणाले, "आजी, पडद्याच्या मधोमध झिजायला लागलंय. वयानं होतं असं. गेलेलं परत येत नाही, पण आहे ते सांभाळता येतं. रोज हिरवी पालेभाजी खायची. गाजर, पपई, लाल भोपळा, डाळी, चालत असेल तर अंडी-मासे. उन्हात जाताना चष्मा लावायचा. मिश्री लावत असाल तर आजपासून बंद." मग लिहिता लिहिता विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच की. दुसरं कोण येणारंय? तुम्ही येता का?"

बिचारे हसले. मला असं तोडून बोलायची खोडच आहे, त्यांचा काही दोष नव्हता. पण हा प्रश्न मला टोचतो. एकट्या माणसाचा स्वयंपाक कसा असतो ते त्या लेकराला काय माहीत? सकाळचा भात संध्याकाळी, संध्याकाळचा उरला तर सकाळी फोडणी देऊन. पालेभाजी करायची म्हणजे जुडी घेऊन बसायचं, एक एक काडी निवडायची, आणि समोर बोलायला कुणी नसलं की मेथीची एक जुडी संपता संपत नाही. मग माणूस म्हणतं, जाऊ दे, चटणी-भाकर खाऊ, भाजी उद्या करू. उद्याही चटणीच होते. डॉक्टरांना वाटतं पालेभाजी बाजारात मिळाली की झालं. मिळते हो, दारावर गाडा येतो. पण ती शिजवायला हुरूप लागतो, तो गाड्यावर मिळत नाही.

गारखेड्यापर्यंत रिक्षानं आले. डोळ्यात थेंब असल्यानं सगळं धूसर दिसत होतं आणि त्या धुसरात मला वाटभर माझी सासूच दिसत होती. तिचाही डोळा असाच खाण्यानं वाचणार होता. आणि ती खात नव्हती.

तेव्हा मी ऐन तिशीतली. आम्ही मूळचे बिडकीनकडचे, कोरडवाहू शेतीवाले. नवरा चिकलठाण्याला कंपनीत लागला म्हणून आम्ही शहरात आलो आणि गारखेड्यात दोन खोल्यांचं घर केलं. तेव्हाचा गारखेडा म्हणजे अर्धी वस्ती आणि अर्धं शेत. घरामागं ज्वारी उभी असायची. शहरात जिकडं बघावं तिकडं नव्या कंपन्यांची शेडं उठत होती, गावोगावची पोरं सायकलला डबा लटकवून भोंग्याच्या आधी पोचायला धावत होती. आणि त्याच शहरात विद्यापीठाच्या नामांतरावरून रान पेटलं होतं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा कुठं दगडफेक झाली त्याची खबर. नाव मिळावं म्हणणारे होते, मिळू नये म्हणणारे होते, आणि आमच्यासारखे नळाला पाणी कधी येतं ते बघणारेही होते.

एका सकाळी नवरा म्हणाला, पुण्याला जातो. तिकडं पगार बरा आहे, जम बसला की तुम्हा दोघींना नेतो. तेव्हा मी त्याला 'हे' म्हणायचे. आता 'तो' म्हणते. पत्र्याची पेटी घेऊन गेला, पहिल्या दिवाळीला आला, दुसऱ्या दिवाळीला आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. त्या दिवाळीत, फराळाचे डबे तसेच झाकलेले असताना, सासू देवापुढं बसली आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "माझं लेकरू घरी येईस्तोवर पान आन् फळ तोंडात घालणार न्हाई."

मी दारात उभी राहून ऐकलं. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडच्या बायका अशाच. देवाला द्यायला हातात काही नसतं, म्हणून आपल्याच ताटातलं काढून देतात. याला आम्ही 'सोडणं' म्हणतो. कुणी वांगं सोडतं, कुणी गोड सोडतं, आणि मागितलेलं मिळालं की पुन्हा धरतं. सासूनं याआधी दूध-तूप सोडलेलं होतं. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा ती म्हणाली होती, धनी उठून बसेस्तोवर दूध-तूप शिवणार नाही. ते उठलेच नाहीत. मग ते सोडलेलं तसंच राहिलं, जन्माचं. देवानं आपली बाजू पाळली नाही, हिनं पाळली. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं अंडं-मटण घरात आधीपासूनच नव्हतं. आता पानं गेली, फळं गेली. तिच्या ताटात राहिलं काय? भाकर, चटणी, पाण्यासारखं वरण.

पुढं गावाकडचा एक माणूस पुण्याला जाऊन आला. त्यानं दारात उभं राहून मला हळू आवाजात सांगितलं की तुझ्या नवऱ्यानं तिथं दुसरं घर मांडलंय. बाई आहे, पाळणा हललाय. सासू आत जात्यापाशी बसली होती. तिनं ऐकलं का नाही, मला कळलं नाही. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात एक गोष्ट होती जी दोघींच्या मधोमध बसायची आणि जिच्याकडं दोघीही बघत नव्हतो. मी एका औषधाच्या कंपनीत कामाला लागले, चिकलठाण्यालाच. पट्ट्यावरून गोळ्या येतात, त्यातल्या फुटक्या, डागाळलेल्या निवडून बाजूला काढायच्या. दिवसभर डोळ्यात तेल घालून बसायचं. घरी यायचं तर सासू गप्प, मी गप्प, आणि स्टोव्ह तेवढा आवाज करणारा.

डोळ्याचं मला फार उशिरा लक्षात आलं, कारण ती लपवायची. दिवेलागणीला चाचपडायला लागायची. तांब्यातून पाणी ओतलं की फुलपात्राच्या बाहेर. पळी भांड्यात ठेवायला जाते ती भुईवर. मी म्हणाले, "आत्याबाई, रातांधळं झालंय तुम्हाला."

"कुठलं रातांधळं? लायटीचाच उजेड मेला पिवळा हाय."

मग डोळे कोरडे पडले. वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणून पदरानं चोळत बसायची. डाव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरा ठिपका आला तेव्हा मी रजा टाकली आणि तिला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई पिकल्या केसांच्या होत्या, कडक. बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले आणि विचारलं, "आजी, कशानं झालं हो हे?"

"वाट बघून बघून गेले, बाई."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी आपली बोलते तसं बोलली. मला हसू आलं नाही. मग त्यांनी खाण्याचं विचारलं. मी सांगितलं, हे सोडलंय, ते सोडलंय, तेही सोडलंय. त्यांचं लिहिणं थांबलं. सासूला वाटलं आता मुद्द्याचं आलं. ती पुढं सरकून म्हणाली, "मग पथ्य सांगा, बाई. आता काय सोडू?"

"सोडायचं काही नाही हो आजी! धरायचंय! हिरवा पाला खा, पिकलेली पपई खा, आंबा खा, दूध प्या. त्याच्यावरच डोळा जगतो. डावा गेल्यात जमा आहे. उजवा अजून हातात आहे. मी औषध देते, त्यानं उतार पडेल, पण पोटात गेलं नाही तर पुन्हा येईल आणि मग हाही जाईल." माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वय झालं की लोक म्हाताऱ्यांना कमी वाढतात. म्हातारेही म्हणतात, मला आता काय लागतंय. अंगात पहिल्यासारखं काही जिरत नाही, म्हणून उलट नीट वाढायला पाहिजे. लक्ष ठेव."

लक्ष ठेव! म्हणजे माझ्याच गळ्यात. वाटभर मी चिडलेली होते. आणि भ्यालेही होते. मी सकाळी कामाला गेले की ती दिवसभर घरात एकटी. स्टोव्ह, उकळतं पाणी, मागचा हौद. उजवा डोळाही गेला तर एक तर ती कधीतरी भाजणार, नाही तर हौदात जाणार, नाही तर मला काम सोडून तिच्यापाशी बसावं लागणार. काम सोडून दोघींनी खायचं काय? माझं या जगात असं दुसरं कुणी नव्हतं. आई-बाप आधीच गेलेले. तो एक डोळा होता म्हणून आमचं घर चालत होतं.

मी हिकमती करायला लागले. थंडीत गाजरं आली तशी पिशवीभर घेऊन आले. "आत्याबाई, गाजर पान हाय का?"

"न्हाई."

"फळ हाय का?"

तिनं लई विचार केला. "न्हाई. मूळ हाय ते."

"मग खायचं."

"दात कुठंयत माझ्या तोंडात?"

मी उकडून, कुस्करून, मीठ आणि तेलाची धार टाकून दिलं. तिनं खाल्लं. थंडीभर खाल्लं, दवाखान्याचं औषधही घेतलं, आणि दिवेलागणीला जरा बरं दिसायला लागलं. मला वाटलं जिंकले. मग ऊन चढलं, बाजारातली गाजरं संपली. मी लाल भोपळा आणला. तो फळ निघाला.

"वांगं चालतं तुम्हाला, आन् भोपळा कामून नाही चालत?"

"वांगं कच्चंच तोडतेत. भोपळा पिकतो. पिकतं ते फळ."

वकिलाला हरवील अशी बाई. टमाटा पिकतो म्हणून तोही गेला. एकदा मी चाकवत शिजवून, घोटून घोटून वरणात मिसळला, वरून लसणाची फोडणी दिली, वासच येऊ नये म्हणून. तिनं पहिला घास घेतला, थांबली, तोंडातला घास काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि हात धुतला. रागावली नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर पाण्याच्या थेंबावर राहिली, चुकून खाल्लं म्हणून. तसली लबाडी मी पुन्हा केली नाही.

तोंडावर मात्र एकदा गेलेच. शेवग्याच्या पाल्याची भाजी मी माझ्यापुरती केली होती, तिची नजर ताटाकडं गेली आणि मला राहवलं नाही. "कुणासाठी सोडलंय हो तुम्ही? कोण येणारंय? डोळे जातील तुमचे, आन् तो..."

पुढचं तोंडाशी आलेलं गिळलं. ती माझ्याकडं बघत होती, एका डोळ्यानं, त्यातलंही किती दिसत होतं कोण जाणे. म्हणाली, "जेव. निवतंय." मी जेवले. त्या भाजीला कसलीच चव लागली नाही. एका घरात दोन बायका, एकीच्या ताटात हिरवं आणि एकीच्या ताटात लाल चटणी, आणि दोघी भिंतीकडं बघून जेवतात, असं आमचं चाललं होतं. एकटं राहणं मी पुढं लई बघितलं, आता तर रोजच बघते. पण त्या दिवसांत दुसरं माणूस समोर बसलेलं असून जे एकटं वाटायचं, त्याची सर याला नाही.

कंपनीत पट्ट्यावर माझ्या शेजारी एक बाई बसायची, मुकुंदवाडीकडच्या वस्तीतली. नामांतराच्या मोर्चाला जायची, घोषणा देऊन आवाज बसलेला असला की दुसऱ्या दिवशी खुणांनी बोलायची. काही बायका तिच्या डब्याला हात लावत नसत, त्या वर्षांत तर जास्तच. मी लावायचे. फार मोठं मन होतं म्हणून नव्हे, तिची भाजी चांगली असायची म्हणून. चिवळ, घोळ, अंबाडी, रोज काहीतरी पाला असायचाच. तिच्या दारात शेवगा होता. मी सासूचं गाऱ्हाणं सांगितलं की ती म्हणायची, "तुझी सासू भाजीवर रुसलीय, आन् तू सासूवर. तुमच्या घरात जेवतं तरी कोण?"

तो दिवस बंदचा नव्हता. सकाळी सगळं सुरळीत होतं. दुपारी खबर आली की शहरात गडबड झाली, बस फोडली, दुकानं पटापट बंद झाली. कंपनीनं गेट लावून घेतलं. सुटी झाली तेव्हा सिटी बस नाही, रिक्षा नाही, काही नाही. बायका घोळक्यानं जालना रोडला लागल्या आणि आपापल्या वळणाला गळत गेल्या. मुकुंदवाडीपाशी आम्ही दोघीच उरलो. पट्ट्यावरची शेजारीण म्हणाली, "आज माझ्याकडं ऱ्हा. पुढं काय चाललंय माहीत न्हाई."

"म्हातारी एकटी हाय गं. दिवस मावळायला लागला की तिला दिसत न्हाई."

तिनं जास्त आग्रह केला नाही. घराकडं पळत गेली आणि शेवग्याचा पाला फडक्यात बांधून घेऊन आली. "घे. एवढी चालत चाललीस, हात रिकामे कशाला?" त्या गडबडीतही तिला हे सुचलं. ती तिकडं वळली आणि मी एकटीच पुढं निघाले.

एरवी गजबजलेला रस्ता असा मोकळा मी कधी पाहिला नव्हता. टायर जळाल्याचा वास येत होता. पोलिसांच्या गाडीतून एकानं ओरडून विचारलं, "ओ बाई, कुठं चालल्या?"

"घरी! आणखी कुठं जाणार?"

बोलले तर खरं, पण पुढं गेल्यावर पदर आवळून भराभर चालायला लागले. मनात आलं, आज मला इथं काही झालं तर हे लोक कळवतील कुणाला? नवऱ्याचा पत्ता मला माहीत नाही. माहेर उरलं नाही. घरी एक म्हातारी, तिची वाट दुसऱ्याच माणसासाठी. या एवढ्या मोठ्या शहरात माझ्यासाठी कुणी उंबऱ्यावर उभं नाही. फडकं छातीशी धरून मी चालत होते आणि रडत होते. रस्त्यावर बघायला कुणी नव्हतं, तेवढं बरं होतं.

गारखेड्यात पोचले तेव्हा अंधार पडला होता. गल्लीतली लाइट गेलेली, सगळ्यांची दारं लावलेली. आमच्या घराच्या पुढं, नालीच्या कोपऱ्यावर कुणीतरी उभं होतं, आणि माझ्या पावलांचा आवाज ऐकून विचारत होतं, "कोण हाय? कोण हाय, बोला की!"

माझी सासू! दिवेलागणीनंतर जिला स्वतःचा हात दिसत नव्हता, ती भिंत चाचपडत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आली होती. पडली होती, गुडघा फुटून लुगड्याला रक्त लागलं होतं.

"आत्याबाई, मी हाय."

तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. कपाळावरून, नाकावरून, गालावरून हात फिरवला, माणूस तेच आहे ना बघावं तसा. मग तिचा आवाज फुटला. "आलं गं बाई. आलं माझं लेकरू."

मला राग आला. भ्यालेलं माणूस रागावतंच. "अंधारात कशाला मरायला बाहेर आलात? दिसतंय का काही तुम्हाला?"

"दिसत न्हाई म्हणूनच आले. घरात बसून तरी काय दिसणार व्हतं?"

तिला धरून आत नेलं. चिमणी लावली, गुडघा धुऊन हळद भरली. मग मी स्वयंपाकाला लागले. शेवग्याचा पाला ओरबाडला, डाळ होतीच भिजलेली, लसणावर परतून भाजी केली. भाकरी थापल्या. नेहमीसारखी ताटं वाढली, तिला चटणी, मला भाजी. ती ताटावर बसली, हात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "मला न्हाई व्हय भाजी?"

मला वाटलं तिच्या डोक्यावर परिणाम झाला. "आत्याबाई, पाला हाय तो. शेवग्याचा."

"वास येतोय की मला. वाढ."

"आन् तुम्ही सोडलेलं?"

"काय म्हणले व्हते मी देवापुढं? सांग बरं."

"लेकरू घरी येईस्तोवर पान आन् फळ..."

"मग? आलं की लेकरू."

"आत्याबाई, मी सून हाय."

"लेकरू म्हणले व्हते मी," ती म्हणाली. "ल्योक म्हणले नव्हते. देवाला सगळं कळतं. वाढ आता, निवतंय."

मी वाढलं. अर्धी भाजी ताटाबाहेर गेली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. दात नसलेल्या तोंडानं बराच वेळ चघळत राहिली. चिमणीच्या उजेडात तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गेलेल्यातूनही आणि राहिलेल्यातूनही.

"कडू लागतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. मीठ कमी पडलंय."

आणि मला कळलं की तिला सगळं माहीत होतं. जात्यापाशी बसून तिनं तेव्हाच सगळं ऐकलं होतं. पुण्यातली बाई, पाळणा, सगळं. ऐकूनही ती वाट बघत होती, आणि आज तिनं ती बघणं थांबवलं. आयुष्यभर ती ताटातलं सोडत आली होती. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा माणूस सोडलं, पोटचं, आणि ते सोडून माझ्या हातची भाजी धरली. मी ताटावरच हमसून हमसून रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "बास. उद्या मेथी आण."

डावा डोळा परत आला नाही. उजवा राहिला, तिच्या शेवटापर्यंत राहिला. मी कामावर असताना ती दारात बसून त्या एका डोळ्यानं भाजी निवडायची, काडी काडी लख्ख. पपईच्या फोडी हिरड्यांनी दाबून खायची आणि म्हणायची, "एवढं गोड असतं व्हय गं? इसरलेच व्हते मी." संध्याकाळी गल्लीत माझी पावलं वाजली की आतूनच ओरडायची, "आलं का माझं लेकरू? चल, वाढ." विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा माझी कंपनीतली शेजारीण पेढे घेऊन घरी आली. सासूनं पेढा हातात घेतला, डोळ्याजवळ नेऊन नीट पाहिला आणि माझ्या हातावर ठेवला. "माझ्या वाटचा तू खा." सासऱ्यांसाठी सोडलेलं दूध तिनं शेवटपर्यंत सोडलेलंच ठेवलं. ते माणूस काही कुणाला सोडून गेलं नव्हतं, मेलं होतं, त्याचा हिशेब तिच्याकडं वेगळा होता.

नवरा आला, शेवटी. तिच्या दहाव्याला. पाहुण्यासारखा ओट्यावर बसला आणि पाहुण्यासारखा जेवून गेला. मी त्याला भाजी वाढली, पुन्हा हवी का ते विचारलं नाही.

त्याला आता किती वर्षं झाली. परवा दवाखान्यातून रिक्षानं येताना कोपऱ्यावर गाडा दिसला, शेवग्याचा पाला घेतला. दारात उभी राहिले तर कुलपाचं भोक दिसेना. बोटांनी चाचपून किल्ली लावली. आत अंधार. मी उगीचच उंबऱ्यावर जरा थांबले. कोण बोलणार होतं? दिवा लावला, पाला ओरबाडला, भाजी केली. मीठ दोनदा चाखून टाकलं.

ताट घेऊन बसले. खरं सांगते, दोन घास खाल्ले आणि नको झालं. समोरची भिंत तीच, तिचा पाट अजून तिथंच टेकवून ठेवलेला. मनात आलं, कशाला हे? कुणासाठी डोळे राखायचे, बघायचं काय राहिलंय? ताट सारून उठायला लागले. अर्धी उठलेही. पण ज्या भाजीच्या एका घासासाठी त्या बाईनं पोटचा पोरगा सोडला, ती ताटात टाकून मी उठू कशी? बसले खाली. खाल्ली सगळी.